चिमी बोलत नाही

"बाई, हाताचं सांगायचं ऱ्हायलं."

सातवीच्या वर्गाचा मॉनिटर उभा राहून मला आठवण करून देत होता. त्याचं नाव रावसाहेब. आमच्या कोल्हापूरकडं पोरगं पाळण्यात असतानाच त्याला साहेब करून टाकतात. मी फळ्यावरचा तक्ता उतरवून गुंडाळत होते. दुसऱ्या दिवशी माझा वार्षिक परीक्षेचा पाठ होता आणि हा त्याचा शेवटचा सराव.

"कसलं हाताचं?" मी उगीच विचारलं. मला चांगलं ठाऊक होतं.

"येतंय त्यानं उजवा हात वर करायचा, येत न्हाई त्यानं डावा. पर समद्यांनी वर करायचा. म्हंजे परीक्षकांस्नी वाटतं, वर्ग लई हुशार हाय. तुमी निस्तं उजव्यांना इचारायचं. समदे बाई आन सर हेच सांगत्यात."

"मग सांगायचं कशाला राहिलं? तुम्हांला येतंय की."

"तरी पन सांगावं लागतंय," रावसाहेब गंभीरपणे म्हणाला आणि बसला.

ही आमच्या अध्यापक विद्यालयाची सराव शाळा होती. दरवर्षी आमच्यासारखी ऐंशी पोरं-पोरी या मुलांवर शिकवायला शिकायची. तीन वर्षांत त्या मुलांनी इतके पाठ पचवले होते, की पाठाच्या पायऱ्या त्यांना आमच्यापेक्षा बऱ्या यायच्या. आधी प्रस्तावना, मग आज काय शिकायचं ते सांगणारं हेतुकथन, मग विवेचन, मूल्यमापन, शेवटी गृहपाठ. कुणी पायरी गाळली की पहिल्या बाकावरून दबका आवाज यायचा, "बाई, हेतुकथन!" आमच्यातला सुतार नावाचा एक जण एकदा परीक्षकांना बघून पार गार पडला, तर एका पोरीनं त्याला अख्खा पाठ कुजबुजत शेवटापर्यंत नेऊन पोचवलं. सुतारला त्या पाठाला चौसष्ट गुण मिळाले, आणि त्यानं त्या पोरीला पेरू दिले. यात काही गैर आहे असं आम्हां कुणालाच वाटत नव्हतं. सगळेच करत आले होते.

मला त्या पाठात पास होणं भाग होतं. चाळीसच्या खाली गुण आले की अख्खं वर्ष परत करायचं, आणि आबांनी, माझ्या वडलांनी, दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, "मालन, औंदाचं साल शेवटचं. फुडं माज्यानं न्हाई व्हायचं." आबा कमी बोलायचे, पण बोलले की ती काळ्या दगडावरची रेघ. शिवाय माझ्यामागं हिरा होती. हिरा माझी धाकटी बहीण. घरातून एकीलाच शिकवणं जमणार होतं, ते मला शिकवलं, आणि हिरा घरी राहिली. म्हशी, शेण, चारा, आईचे गुडघे गेल्यावर चूलसुद्धा, सगळं तिच्यावर. नोकरी लागली की हिराला माझ्याकडं आणायचं, तिला निदान लिहाय-वाचायला शिकवायचं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. तिला मात्र त्यातलं एक अक्षर बोलले नव्हते.

माझ्या पाठाचा विषय होता 'कथेचे घटक'. बाकीच्यांनी पुस्तकातले धडे घेतले. आमचे किणीकर सर मला म्हणाले, "स्वतःच छोटीशी गोष्ट रचा. परीक्षकांना बरं वाटतं." मी 'धाडसी गोदा' नावाची गोष्ट रचली. रचायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत.

सराव चांगला झाला. प्रश्न विचारला की हातांचं रान उठायचं, सगळे उजवे. फक्त शेवटच्या बाकावर एक डावा हात होता. सगुणा डोंगळे. प्रत्येक प्रश्नाला डावाच.

"तिच्याकडं बगू नगासा बाई," रावसाहेब जाता जाता म्हणाला. "ती कायम डावाच करती."

"अभ्यासात कच्ची आहे का?"

"कच्ची कसली? पैल्या पाचात असती. पर डावाच करती. खुळी हाय."

मी ते तिथंच सोडलं. एका डाव्या हातानं माझं काय बिघडणार होतं!

दुसऱ्या दिवशी परीक्षक म्हणून उमराणीकर बाई आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत चहाचा थर्मास, सारखा खोकला. किणीकर सरांनी त्यांच्यासाठी दाराजवळ हातांची खुर्ची ठेवली होती, वर धुतलेला टॉवेल अंथरून. बाईंनी खुर्ची हलवून बघितली, ती एका पायानं लंगडत होती. त्या सरळ शेवटच्या बाकाकडं गेल्या आणि सगुणाला म्हणाल्या, "सरक गं जरा." सगुणा सरकली. किणीकर सर टॉवेलाकडं बघत राहिले.

पाठ सुरू झाला. प्रस्तावना बिनचूक. हेतुकथन बिनचूक. मग मी गोष्ट सांगितली.

"एका वाडीत दोन बहिणी राहत होत्या. गोदा अकरा वर्षांची, चिमी आठ वर्षांची. आईवडील ओढ्यापलीकडच्या मळ्यात कामाला गेले होते. त्यांची भाकरी घेऊन दोघी निघाल्या. रात्री डोंगरात पाऊस झाला होता, ओढा फुगला होता. दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून पाण्यात उतरल्या. मधोमध आल्या आणि पाण्याचा लोंढा आला. चिमी वाहून चालली. गोदानं मागचा-पुढचा विचार न करता स्वतःला पाण्यात झोकून दिलं. चिमीचे केस धरले, करंजाची एक मुळी पकडली आणि तिला काठावर ओढून आणलं. लोक धावत आले. पंधरा ऑगस्टला साऱ्या गावानं गोदाचा सत्कार केला. हायस्कूलचे मास्तर आले, म्हणाले, अशा मुलीला शिकवलंच पाहिजे. गोदा शिकली."

मग तक्ता लावला. वर निळ्या अक्षरांत 'कथेचे घटक', खाली एकेक चौकोन, चौकोनावर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. उत्तर आलं की पट्टी काढायची. दोन रात्री घालवल्या होत्या मी त्या पट्ट्यांपायी.

"ही गोष्ट कुठं घडली?"

"वाडीत, ओढ्यावर. त्याला स्थळ म्हनत्यात."

"शाबास. यात एकामागून एक काय काय घडलं, त्याची जी साखळी, तिला काय म्हणतात?"

"कथानक!"

"आणि संघर्ष म्हणजे?"

"भांडान," एक जण घाईनं बोलला.

"भांडान न्हवं रं, अडचन," दुसऱ्यानं त्याला पाडलं. "पात्राला एक पायजे असतं आन त्येच्या आडवं दुसरं काय तरी येतं, त्यो संघर्ष. हितं आडवा आला पूर."

पट्ट्या भराभरा निघत होत्या. पात्र म्हणजे गोष्टीतलं माणूस किंवा जनावर, जे बोलतं, चालतं, ज्याला काही तरी हवं असतं. कळस म्हणजे जिथं आता काय होतंय म्हणून आपला श्वास अडकतो ती जागा. गोदाची उडी हा कळस. मला आतून उकळ्या फुटत होत्या. सत्तर तरी कुठं गेले नाहीत, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

"या कथेतलं मुख्य पात्र कोण?" मी विचारलं आणि रावसाहेबाकडं बोट केलं.

"एक मिनिट," मागून उमराणीकर बाईंचा आवाज आला.

परीक्षक सहसा पाठात बोलत नाहीत. दारातले किणीकर सर एकदम ताठ झाले.

"माझ्या शेजारच्या मुलीचा हात पहिल्या प्रश्नापासून वर आहे. तुम्ही तिला एकदाही विचारलं नाहीत. हात दुखला असेल तिचा. तिला विचारा."

सगुणाचा डावा हात अजून वरच होता. चाळीस डोकी मागं वळली. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं काय होणार ते, आणि मलाही. मी म्हटलं, "सगुणा, तू सांग. मुख्य पात्र कोण?"

ती उभी राहिली. "मला येत न्हाई."

वर्ग खिदळला. मी झटकन म्हणाले, "बरं, बस. रावसाहेब..."

"काय येत नाही तुला?" उमराणीकर बाईंनी तिला तिथल्या तिथं विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

सगुणानं माझ्याकडं बघितलं, मग तक्त्याकडं. "मुख्य पात्र गोदा, हे लिवायला येतंय. पर चिमी पात्र हाय का न्हाई, त्ये कळंना झालंय."

"आहे की," मी म्हणाले. "गौण पात्र. म्हणजे दुय्यम."

"पात्र बोलतं, चालतं, त्येला काय तरी पायजे असतं, आसं तुमीच सांगितलंसा. चिमी बोलत न्हाई. एकदा बी न्हाई. व्हावताना वरडत न्हाई, काठावर आल्यावर रडत न्हाई. सत्काराच्या दिशी ती कुठं हाय, त्ये बी न्हाई गोष्टीत. गौण म्हंजे मुकं आसतं काय?"

या वेळी कुणी हसलं नाही. रावसाहेब उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा मला वाचवणार. तर तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "व्हय बाई. परवा सरांच्या गोष्टीत गाडवाला बी दोन वाक्यं हुती."

मी खडू बदलला. पहिला खडू चांगला लांब होता, तरी बदलला. "लहान होती ती. घाबरली होती. म्हणून बोलली नाही."

"आनि दुसरं," सगुणा म्हणाली. ती माझ्याशी भांडत नव्हती, चौकस पोरगी गाठ सोडवत बसते तशी ती बोलत होती. "दोघी हात घट धरून उतरल्या म्हणालासा. मग लोंढा आला तर दोघी व्हावाय पायजेत, न्हाईतर दोघी ऱ्हायाय पायजेत. एकलीच कशी गेली? हात सुटला, का सोडला?"

पाठाच्या टाचणात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. टाचणात लिहिलं होतं, 'अपेक्षित उत्तर : गोदा. पट्टी क्र. ५ काढणे.'

"सुटला," मी म्हणाले.

सगुणा मान हलवून बसणार होती. तेवढ्यात तिनं परत तक्त्याकडं बघितलं. शेवटच्या चौकोनावरची पट्टी माझ्या हाताच्या घामानं सैल होऊन लोंबत होती आणि आतलं अक्षर दिसत होतं. "बाई, त्ये सर्वज्ञ निवेदक म्हंजे?"

"निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा. सर्वज्ञ म्हणजे ज्याला सगळ्या पात्रांचं सगळं ठाऊक असतं. मनातलंसुद्धा."

"समदं ठावं आसंल तर त्येला हाताचं बी नक्की ठावं आसंल की. मग त्यानं गोष्टीत का सांगितलं न्हाई?"

आता सांगायला हवं. गोदा म्हणजे मी होते, आणि चिमी म्हणजे हिरा.

त्या दिवशी वाटेत हिरानं ताकाची लोटी सांडली होती. आई मलाच बोलणार होती, कारण मी मोठी. ओढ्यात उतरल्यावर हिरा घाबरली आणि माझ्या हातावर तिची नखं रुतायला लागली. मी म्हणाले, "सोड. चाल आपली आपण." ती सोडेना. तेव्हा मी हिसडा दिला. तिला नुसतं भेदरवायचं होतं मला. ती एकदा खाली गेली, वर आली, आणि वाहून चालली. मी उडी मारली ती शूर होते म्हणून नव्हे. लोक धावत आले तेव्हा गोष्टीचा निम्मा भाग होऊन गेला होता. त्यांनी उरलेला निम्मा बघितला आणि त्यालाच गोष्ट म्हणाले. मी अकरा वर्षांची होते. सगळे शाबासकी देत होते, आणि मला ती घेता आली. पुढं मी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली, की तिच्यातला हिसडा हळूहळू गळून गेला. राहिला तो 'लोंढा आला'.

वर्गात चाळीस पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. घड्याळात पंधरा मिनिटं उरली होती. 'हा प्रश्न आपण नंतर पाहू' हे एक वाक्य आम्हांला अडचणीच्या वेळेसाठी शिकवलेलं होतं. ते माझ्या ओठांवर आलं होतं. पास व्हायचं असेल तर तेच म्हणायला हवं होतं. मी उमराणीकर बाईंकडं बघितलं. त्यांनी पेनाला टोपण लावून ठेवलं होतं आणि त्यासुद्धा वाट बघत होत्या.

"सोडला," मी म्हणाले. "गोदाला राग आला होता. तिनं हिसडा देऊन हात सोडला. मग उडी मारली."

वर्गात एकदम कल्लोळ झाला.

"मग सत्कार कशापायी केला?"

"गावाला ठावं नव्हतं न्हवं!"

"पर उडी तर मारली की तिनं! त्ये बी खरंच हाय की!"

"बाई, बाई," रावसाहेबाला बाकावर बसवेना, "मग संघर्ष पुराशी न्हाईच. गोदाच्या मनात हाय! पट्टी चुकली आपली!"

"आनि कळस? उडीत का हिसड्यात?"

"मग ही गोष्ट धाडसी गोदाची, का खोटारड्या गोदाची?"

"दोन्हीची आसल की! मानूस एकच रंगाचं आसतंय व्हय?"

हात वर होत होते, काही डावे, काही उजवे, काही दोन्ही, आणि कोणता कशासाठी हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. मीही विसरले. मी एकेकाला विचारत सुटले. कुणी म्हणालं, गोष्ट चिमीच्या तोंडून सांगितली तर ती काठापासून सुरूच होणार नाही, पाण्याच्या आतून सुरू होईल. कुणी म्हणालं, आईच्या तोंडून सांगितली तर ओढा येणारच नाही, नुसती भाकरीची वाट बघणं येईल. निवेदक बदलला की गोष्टच बदलते, हे वाक्य मी टाचणात निष्कर्ष म्हणून लिहिलं होतं. तोवर मला ते नुसतं पाठ होतं.

घंटा झाली. मूल्यमापन राहिलं, गृहपाठ राहिला, तक्त्यावरच्या तीन पट्ट्या तशाच राहिल्या. किणीकर सर दारातून निघून गेले होते.

पोरं बाहेर पडताना मी सगुणाला थांबवलं. "तू कायम डावा हात का करतेस गं?"

ती बिचकली. "तुमीच सांगता न्हवं, येत न्हाई त्यानं डावा. मला उत्तर येतंय बाई, पर त्येच्या फुडचं येत न्हाई. मग उजवा कसा करायचा?" आणि ती पळाली. तीन वर्षं ती पोर खरं सांगत बसली होती, आणि म्हणून आम्ही कुणी तिला बोलायला दिलं नव्हतं.

उमराणीकर बाई व्हरांड्यात थर्मासच्या टोपणातून चहा पीत होत्या. त्यांनी मला समोर उभं केलं.

"टप्पे राहिले."

"हो बाई."

"त्यांचे गुण मला कापावे लागतील."

"हो."

"हाताची ती युक्ती आम्हीही करत होतो," त्या म्हणाल्या. त्यांना खोकला आला, तो थांबल्यावर त्यांनी विचारलं, "त्या गोष्टीचा निवेदक कोण?"

"तक्त्यावर सर्वज्ञ लिहिलंय."

"तक्त्यावर काय आहे ते मी वाचलं. कोण आहे?"

"गोदा," मी म्हणाले.

त्यांनी चहाचं टोपण खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं, हे मला कळलं. "म्हणजे सर्वज्ञ नाही," त्या म्हणाल्या. "तिला फक्त तिचं ठाऊक. चिमीचं काय?"

"चिमीचं मला ठाऊक नाही."

"कधी विचारलंत?"

त्यांनी वहीत काही तरी लिहिलं आणि पिशवी खांद्याला लावून पुढच्या वर्गाकडं गेल्या. त्रेचाळीस गुण दिले होते त्यांनी मला, आमच्या तुकडीत सगळ्यांत कमी. वर्ष तेवढं वाचलं. पण ते कळायला महिना जायचा होता. त्या आठवड्यात मी नापासच आहे असं धरून चालले होते.

रविवारी मी पहिल्या गाडीनं वाडीला गेले. आई-आबा मळ्यात होते. हिरा गोठ्यात होती. सतरा वर्षांची झाली होती ती तेव्हा. पदर कमरेला खोचून वैरण तोडत होती.

"आगं, मधीच कशी आलीस? पाठ झाला व्हय?"

"झाला. हिरा, तुला एक सांगायचंय."

"सांग की." विळा चालूच होता.

"ओढ्यात त्या दिवशी तुझा हात सुटला नव्हता. मी सोडला होता. हिसडा देऊन."

तिनं एक पेंढी तोडली, दुसरी घेतली. "आसंल."

"असंल काय? तुला ठाऊक होतं का?"

"डोळ्यात, नाकात पानी गेलतं बाई. हात सुटला का सोडला, तवा काय कळतंय? त्येवढं आठवत न्हाई मला."

खरं सांगते, मला रागच आला. नऊ वर्षं जे मी स्वतःपासून लपवलं होतं, ज्यापायी माझं वर्ष बुडालं असं मी धरून चालले होते, ते मी तिच्यापुढं ठेवलं, आणि ती वैरण तोडत होती. माझा एवढा मोठा गुन्हा तिच्या लक्षातसुद्धा नव्हता.

"मग काय आठवतं तुला?" मी जरा चिडूनच विचारलं.

विळा थांबला. मी चेष्टा करते आहे का, म्हणून तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग विळा बाजूला ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि गव्हाणीच्या कडेवर बसली.

"झेंड्याचा दिस आठवतोय," ती म्हणाली. "आईनं मला बी न्हाऊ घातलं हुतं. तुजं जुनं परकर-पोलकं हुतं, पर धुतलेलं. शाळंपुढं समदं गाव हुतं. तुज्या शेजारीच हुबी केलती मला, म्हनलं, हीच ती वाचलेली. मास्तरांनी पिशवीतनं दप्तर काढलं. नवं, हिरवं. त्येच्यात पाटी हुती, तिचं लाकूड दिसत हुतं बाहीर." ती थोडी हसली. "मला वाटलं, माझंच हाय त्ये. बुडले हुते तर मीच की. मला वाटलं, बुडनाऱ्याला बक्षीस देत्यात."

मी तिच्याजवळ गव्हाणीला टेकले.

"मी हात फुडं केला. दोन्ही केले. मास्तर बी जरा थांबलं. मग आबांनी मागनं येऊन माझं हात खाली केलं. हळूच केलं, मारलं न्हाई. म्हनलं, तुजं न्हवं बाळा त्ये. घरला आल्यावर मी लई रडले. आईला वाटलं, पान्याचं भ्या बसलंय. तिनं मीठ-मोहऱ्या उतरल्या. कुनी इचारलंच न्हाई, कशानं रडतीस."

म्हैस गव्हाणीत तोंड घालून शोधत होती. हिरानं तिला नकळत एक पेंढी सारली.

तिच्या गोष्टीत ओढा जवळजवळ नव्हताच. लोंढा नव्हता, हिसडा नव्हता, उडी नव्हती. आणि मी तिच्या शेजारी उभी असूनही अजून कुठं आलेच नव्हते.

"हिरा," मी विचारलं, "आबांनी तुझे हात खाली केले, तेव्हा मी काय केलं गं?"

तिला नवल वाटलं, की हे मला विचारावं लागतं.

"तू व्हय?" ती म्हणाली. "तू दप्तर घेतलंस की."